राखेतलं माप

सेलूच्या स्टेशनामागं, जिथं आता मोबाइलचं दुकान आहे,
तिथं मसाजीआजाची ऐरण होती.
ऐरण म्हणजे रुळाचा हातभर तुकडा,
कुण्या गँगमननं जोड्याच्या बदल्यात दिलेला.
जोडा कधीच झिजून गेला.
रूळ आमच्या माळवदावर आहे,
वाळवणाचं फडकं उडू नये म्हणून.

आजाची एक वही होती, जाड पुठ्ठ्याची,
निजामाच्या काळातली,
वर उर्दूत कुणाचं तरी नाव, खोडलेलं.
आत नुसते पाय.
आजाला लिहिता येत नव्हतं,
म्हणून तेल्याच्या पायाखाली घाणा,
मास्तराच्या पायाखाली छडी,
तांड्यावरच्या धावजीच्या पायाखाली बैल,
आणि ज्यानं पैसे बुडवले
त्याच्या पायाखाली बैलाचं शेण.

काही पाय मात्र राखेवरून उतरवलेले.
गढीवरून बोलावणं आलं की
ओसरीखाली चाळलेली राख पसरायची.
मालक पाय ठेवायचे, उचलायचे, आत जायचे.
मग आजानं वाकून सुतळीनं मोजायचं
ते निघून गेलेलं पाऊल.
त्याच्या हातचं कातडं चालायचं,
हात चालत नव्हता.
येताना स्वतःच्या वहाणा काखेत,
बुरूज मागं पडेस्तोवर.
पायीची वहाण पायीच बरी, म्हणतात लोक.
काखेतल्या वहाणेला घाम येतो
हे कुठल्या म्हणीत आहे?

जोडा तीन पदरी, टाचेला नाल.
कातडं ढोर गल्लीतून यायचं,
तरवडाच्या सालीचा वास घेऊन,
तो वास आजीच्या भाकरीलाही लागायचा.
नवा जोडा करकरला पाहिजे;
करकरीचे चार आणे वेगळे.

मग संस्था निघाली, सहकारी,
पत्र्याचं शेड, अकरा शिलाई मशिनी, एक फोटो, एक हार.
पहिलीच ऑर्डर: वसतिगृहाच्या पोरांसाठी
बाराशे जोड, तीनच मापांत.
आजा रापी खाली ठेवून म्हणाला,
"पाय असे नसतेत, चेअरमनसाहेब."
चेअरमन म्हणाले, असतात आता.

पुढं बाजारात कुणीतरी पोतं उपडं केलं
आणि प्लास्टिकच्या चपलांचा ढीग लागला,
लाल, निळ्या, पावसाला न भिणाऱ्या.
मला आठवतं, मीही एक हट्टानं घेतली होती, निळी.
आजा काही बोलला नाही.
तिचा पट्टा तुटला तेव्हा
त्यानंच तो तापल्या आरीनं डागून दिला.

मी आता जालन्याच्या एमआयडीसीत,
स्क्रीनवर बूट कापते.
फर्मा आग्र्याहून आलेला, पुढं निमुळता.
जिंतूर, पाथरी, मानवतहून खोकी परत यायची,
सगळे बूट एकाच जागी फाटलेले,
करंगळीशी.
एका शनिवारी मी वही नेली.
दोनशे चौदा पाय
एकावर एक ठेवले.
फर्म्याचे उस्ताद रफीकभाई चष्मा वर करून म्हणाले,
"ये पाँव नइं, पंखा है बेटा."

राखेतले पाय वेगळे काढावेत का,
असं क्षणभर वाटलं.
नाही काढले.
सरासरीत गढी कुठं गेली, सापडली नाही.

पुढचा पंजा नऊ मिलिमीटरनं वाढवला.
खोक्यावर तेच इंग्रजी नाव, किंमत बारा रुपये जास्त.
पाथरीची खोकी थांबली,
जिंतूरची अजून येतात. का, ते कळत नाही.

आजाचा पाय वहीत नाही.
मी दोनदा पाहिलं, मागचा पुठ्ठासुद्धा.
घरी त्याची एक वहाण आहे, डावी,
अंगठ्याशी उसवलेली,
शिवायला घेऊन दोनच टाके घातलेली.
तेवढ्यात कुणीतरी दारात आलं असणार.
"आधी गिऱ्हाइकाचं," म्हणायचा,
"आपलं उद्या."