पट्टीच्या पाठीवर

बेलापूरचे वकील म्हणाले, पंचावन्न हजार.
टायपिंग वेगळं. तारखेचं वेगळं.
मी कांदा-बटाट्यातली बाई,
तुर्भ्याच्या गाळ्यावर अकरा वर्षं पट्ट्या लिहिते:
वजा हमाली, वजा तोलाई, वजा वाराई,
खाली उरतं ते माल पाठवणाऱ्याचं.
मनात म्हटलं, इथे तर मालच संपलाय,
नुसतीच वजाबाकी.

शेजारच्या गाळ्यातल्या तबस्सुमनं
फोनवर नंबर लावून दिला.
पहिला सल्ला मोफत. वीस मिनिटं, व्हिडिओवर.
गुरुवार, दोन वाजून दहा.

वीस मिनिटांत पंधरा वर्षं कशी बसवायची?
रात्री कोपरखैरण्याच्या खोलीत
जुन्या पट्टीच्या पाठीवर प्रश्न काढले.
सव्वीस झाले.
"असं का केलं" छापाचे सगळे खोडले,
ते वकिलाला विचारायचे नव्हतेच.
मग "त्याच्या आईनं"पासून सुरू होणारे.
एक खोडताना पेन कागदातून आरपार गेलं.
उरले नऊ.

जेवणाच्या सुट्टीत मोबाइल गोणीला टेकवला.
ॲडव्होकेट शर्वाणी मोकल.
मागे कपाट, कपाटावर वाळत घातलेला काळा कोट.
मी म्हटलं, एक: दोघांची संमती आहे.
लेखी आहे का?
दोन: मुलगी नववीत, माझ्याकडे राहील, शनिवार त्याचा.
लेखी आहे का?
तीन: माझं सोनं, पावणेतीन तोळे...
ताई, लेखी.
आधी दोघं बसा आणि ठरवा.
लग्नाचा दाखला, फोटो, पत्त्याचे पुरावे तुम्हीच गोळा करा.
जेवढं भांडण माझ्या टेबलावर आणाल
तेवढे माझे तास, तेवढी माझी फी.

स्वतःच्याच पट्टीत वजा लिहून देणारं माणूस
मार्केटात मी एकही पाहिलेलं नाही.

पुढच्या रविवारी भगवंत आला.
त्यानंही ऐरोलीच्या कुणाकडून
आपली वीस मिनिटं फुकट घेतली होती.
त्याचा कागद, माझा कागद, मधे चहा.
दोन्हीकडची उत्तरं जवळजवळ एकच.
लग्नाची यादी करतानासुद्धा
आम्ही इतके सरळ बसलो नव्हतो.
कुकर त्याचा.
शिट्टी कुठे गेली, त्यानं विचारलं.
शिट्टी माझ्या डब्यात होती, का ते विचारू नका.
दिली.
वकीलबाईंची फी ठरली अठरा हजार,
अर्धी त्याची, अर्धी माझी,
दोन हप्त्यांत.

पण मी सांगत होते त्या गुरुवारचं.
नऊ प्रश्न संपले तेव्हा
कोपऱ्यात चार मिनिटं शिल्लक दिसत होती.
अजून काही, ताई?
खोडलेले सतरा डोळ्यांसमोरून गेले,
एकही थांबला नाही.
म्हटलं, नाही.

मग त्याच म्हणाल्या,
तुमच्या मागे ते काय आहे?
कांदे.
घरचा सारखा सडतो हो, कुठला घ्यावा?
आता सल्ला देणारी मी.
म्हटलं, लाल नको, तो लगेच खायचा.
साठवायला उन्हाळ गावठी घ्या,
मान बारीक, पत्ती घट्ट,
हातात घेतल्यावर सुका खडखडला पाहिजे.
त्या लिहून घेत होत्या, खरंच, पेनानं.
आणि घरी नेल्यावर, मी म्हटलं,
प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवू नका.
टोपलीत सुटे पसरा, वारा लागू दे.
चांगले असतात दोन्ही,
पण कोंडले की
एकमेकांना लागून

इथे वीस मिनिटं संपली.
मागून हमालानं हाक मारली, बाई, काट्यावर या.
कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला
आणि उठले.