तीन मिनिटं झाली

लॅमिंग्टन रोडला झुल्फिकारच्या दुकानात
शुक्रवारी चारनंतर गिऱ्हाईक असं कुणी येत नाही.
आम्ही येतो. दोन स्टुलं, एक पालथा स्पीकर.
स्पीकर माझा, त्यावर उशी आहे.

वाद तोच. ते चौघे विलायती पोरगे,
ज्यांतले दोन गेले आणि उरलेले आमच्याहून बरे चालतात.

ऑस्वल्ड खोताच्या वाडीतून येतो गुडघ्याला शिव्या देत.
त्याचं म्हणणं पक्कं: मिशा फुटायच्या आधीचे तेच खरे.
टाय लावून, दात काढून, अडीच मिनिटांत गाणं खलास.
"नंतर सतार आली, धूर आला, अक्कल आली.
अक्कल आल्यावर नाचायचं कसं, धुरंधर?"

धुरंधर आधी चष्मा पुसतो.
विमा कंपनीत छत्तीस वर्षं त्याने हेच केलं,
दावा फेटाळायच्या आधी.
मग म्हणतो, "शेवटच्या तीन तबकड्या सोडल्या
तर बाकी सगळे चणेफुटाणे."
आणि दुसऱ्या बाजूचं चौथं गाणं
काउंटरवर बोटांनी वाजवून दाखवतो,
ढोलाचा तुकडा दरवेळी त्याच जागी चुकवत.

गाण्यांची खरी नावं आम्ही घेत नाही.
"लाडू द्या"वालं, पिपाणीचं, खोकल्याचं,
आणि ते एक, ज्यात मध्येच कुणीतरी खुर्ची सरकवतं.
"लाडू द्या"चे खरे शब्द ऑस्वल्डने एकदा सांगितले.
महिनाभर त्याच्याशी कुणी बोललं नाही.

सिनेमांवर तर हातघाई.
ऑस्वल्डला काळापांढरा हवा, पळापळीचा.
धुरंधरला रंगीत, तोही त्याने पाहिला तसाच:
ग्रँट रोड, रविवार, सकाळचा खेळ,
दुसऱ्या रिळाला आवाज गेला तो परत आलाच नाही.
चौघे गवतात पाय पसरून नुसती तोंडं हलवताहेत.
पैसे परत मागायचे सोडून बाल्कनी गायला लागली,
ज्याला जे येत होतं ते, कुणी आरतीच्या चालीवर,
पिटातल्यांनी खुर्च्या बडवून ठेका धरला.
"नंतर तो मी आवाजासकट पाहिला," धुरंधर म्हणतो.
"भिकार आहे."

मग दोघं वळतात: शरयूबाई, तुमचं बोला.

माझं काय. तबकडी नव्हती, रेडिओ थोरल्या भावाचा.
मी ट्रंक बोर्डावर, रात्रपाळीला, एकोणीस वर्षांची,
उजव्या कानाला हेडफोन, बोटांना घट्टे.
मुंबई-पुणे, साधा कॉल, खासगी.
कुणा मुलाने रिसीव्हर तबकडीसमोर धरला.
पलीकडे मुलगी. फक्त श्वास.
ऐकायचं नाही, असा नियम.
पण लाइन सांभाळायची तर कान द्यावाच लागतो.
गाणं तारेतून आलं, पातळ,
घाट चढायच्या आधीच दमलेलं.
तीन मिनिटांनी मी मध्ये पडून विचारायचं:
वेळ संपली, वाढवायची का?
नाही विचारलं.
त्याने पुन्हा लावलं. पुन्हा लावलं.
नऊ मिनिटं. मी तीनच लिहिली.
साहेबांनी पकडलं, सहा मिनिटांचे पैसे पगारातून गेले.
शेरा वेगळा.

"पण गाणं कुठलं?" इथे मात्र दोघं एकदम.
झुल्फिकारने सगळ्या तबकड्या लावून झाल्यात, ओरखड्यांसकट.
त्यांत ते नाही. किंवा असेलही,
पण दमलेलं नाही.
मी गुणगुणते. ऑस्वल्ड म्हणतो, पहिल्या वर्षातलं, आईशप्पथ.
धुरंधर चष्मा पुसायला घेतो.
उजवा कान माझा आता गेलाय.
डाव्याने ऐकू येतं ते मला तितकंसं पटत नाही.

झुल्फिकार शटर अर्धं ओढतो, किल्ल्या वाजवतो.
"वेळ झाली. अजून बसणार?"
ऑस्वल्ड गुडघा धरून उठतो,
आणि तसाच खाली बसतो:
"अरे, पिपाणीचं राहिलंच की."