अर्धं सूत

फ्रेम फुकट मिळाली.
वॉचमन कुंजाप्पन व्हिसा संपवून पालक्काडला गेला
तेव्हा पाण्याच्या टाकीमागे टेकवून गेला होता,
चाकं नाहीत, चेन नाही, वर खजुराची वाळकी झावळी.
"नेतोस तर ने," म्हणाला,
"भंगारवाला उलटे पैसे मागेल."

सोहारची खारी हवा रंगाखाली शिरते
आणि आतून फुगवते.
नखानं टोचलं की पापुद्रा:
वर निळा, मग हिरवा, मग कुणाचा तरी लाल हट्ट.
घासून रंगवायचे कष्ट कुणीच घेतलेले नव्हते.

शुक्रवारी मोईदूच्या दुकानात नेली.
त्यानं खालच्या नळीत बोट फिरवलं,
बाहेर काढून मला दाखवलं, काळं.
"आटे इंग्लंडचे, एक्सल चीनचा, चिमटा लुधियान्याचा.
यांचं एकमेकांशी सूत जुळायचं नाही."
असं काहीसं, हिंदीत. सूत हा शब्द माझा.

आमच्या कुपवाडच्या एमआयडीसीत
सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.
मुली दाखवायचे दिवस होते तेव्हा
मामा विचारायचा, जुळलं का सूत?
मी व्हर्नियर पुसत म्हणायचो,
अर्धं कमी पडतंय.

इथंही अर्धंच कमी पडलं.
नळी मोठी, सीटचा दांडा बारीक.
बोल्ट कितीही आवळा,
गेटपर्यंत जाता जाता गुडघे हनुवटीला.

दुपारी पाना हातात धरवत नाही.
म्हणून रात्री, कॅम्पच्या नळापाशी,
किडे आपटणाऱ्या ट्यूबखाली.
लिंबूसोड्याचे चार डबे,
क्रिकेटवाल्या पोरांनी चेपायच्या आत उचललेले,
कात्रीनं उभे कापले, कडांवर कानस मारली
आणि दांड्याभोवती गुंडाळले.
आठ वेढ्यांत डुलत होता. दहाव्यात शिरेना.
नऊ.
अंगठा कापला, शिवी गेली, दांडा बसला.

मग कटोऱ्या.
चेनकडची उलटी फिरते एवढं ठाऊक होतं.
दोन रात्री डिझेल पाजलं, हलके ठोके दिले, सुटली.
आत छर्रे नव्हते, छर्र्यांचं पीठ होतं.
आणि पिठाखाली पितळ.

म्हणजे कुणीतरी आधी येऊन गेलं होतं.
आटे गेलेल्या नळीत बुश ठोकलेला,
लेथवर काढलेला, आतून नवे आटे पाडलेला,
कडेची उतरण इतकी सारखी
की मी टॉर्च बंद करून ती बोटानं पाहिली.
नाव नाही. खूण नाही.
साहेबाची नजर चुकवून केलेलं काम ओळखू येतं.
ते पगाराच्या कामापेक्षा नीट असतं.
कोण असेल? पठाण? फिलिपिनो? आपल्याकडचा कुणी?
बुश मापात उतरला तेव्हा
कुठल्या भाषेत शिवी दिली असेल त्यानं?

पितळ तसंच ठेवलं.
फक्त ग्रीस आणि नवे छर्रे,
अकरा इकडे, अकरा तिकडे.

घरी व्हिडिओवर दाखवलं.
पोरगा म्हणाला, पप्पा, गिअरची घ्या ना.
त्याचीही सीट घसरते म्हणे.
मी उरलेला पत्रा कॅमेऱ्यासमोर धरला,
वेढे कसे घ्यायचे ते दाखवलं.
"बघतो," म्हणाला. "नाहीतर दुकानात देतो."
मागून त्याची आई: अंगठ्याला काय झालंय?

डब्याचा पत्रा उन्हात लोखंडापेक्षा जास्त पसरतो.
दिवसा दांडा घट्ट,
पहाटे हवा उतरली की केसभर सैल.
मी पहाटेच निघतो.
समोरून मासळीचे पिकअप, दिवे न विझवलेले.
डाव्या पायडलला दर फेऱ्याला एक कट्.
तो कशाचा, सापडलेलं नाही.
दोनदा सगळं उघडून पाहिलं.
आता नुसता मोजतो:
गेटपासून समुद्रापर्यंत अकराशे चाळीस.
परतताना थोडे कमी भरतात,
वारा ढकलतो.