निळा दिसला की

कोडियाक बेटावर जुलैत धड रात्रच होत नाही.
अकराला कामावर निघते मी, तेव्हाही
धक्क्यावरच्या बोटींची नावं वाचता येतात,
म्हणून खाली बघून चालते.

आत, पट्ट्यावरून सामन मासे येतात,
डोकं उडवलेले, पोट फाडलेले, धुतलेले.
माझं काम एवढंच : बघणं.
कण्याला चिकटलेली रक्ताची काळी रेघ,
विसरलेला पर,
नखाएवढा पित्ताचा हिरवा डाग.
दिसलं की सुरीचं टोक, एक झटका, पुढचा.
डोळ्यांत तेल घालून, म्हणतात ना, तसं.
बावीस वर्षं घालतेय.
चष्म्याचा नंबर वाढला, तेल सरलं नाही.

आमच्या फादर मेथोडियसांच्या हातांना कायम डिझेलचा वास,
धूप जळत असतो तेव्हासुद्धा.
इंजिनं दुरुस्त करतात ते, आठवडाभर, लोकांची.
पापकबुलीला मी म्हणाले होते,
निकिफोरवरचा राग जात नाही.
बापाची बोट विकली त्यानं. भाऊ माझा.
मला कळलं ते दुकानात, पिठाच्या रांगेत.

ते म्हणाले, फेव्रोनिया, घालवू नकोस. येताना बघ.
कुठल्या वाटेनं येतो, काय घालून येतो.
दारात असतो तोवर चोर असतो,
आत येऊन बसला की पाहुणा होतो,
मग तूच त्याला चहा करतेस.

तर बघायला लागले.
आणि खरंच, राग रागासारखा येत नाही.
आधी येतो नुसता निळा रंग.
बोटीच्या कठड्याचा, आम्ही दोघांनी लावलेला,
ब्रश एकच होता.
त्यात काय वाईट? निळाच तर आहे.
मग दोरखंड. मग बापाची लोकरी टोपी.
मग ईस्टरच्या टेबलावर निकिफोरचं हसणं,
आणि मग माझं उत्तर,
जे त्याला कधी दिलं नाही
पण रोज धार लावून ठेवते.
तिथवर पोचले की समोरचं दिसत नाही.
चार-पाच मासे तसेच जातात, रक्तासकट.

म्हणून निळ्यावरच अडवायचं.
निळा दिसला की, प्रभू येशू ख्रिस्ता,
श्वास आत,
माझ्यावर दया कर,
श्वास बाहेर.
पुढचा मासा.

काल रात्री एक्केचाळीस वेळा निळा आला.
एक्केचाळीस वेळा उंबऱ्यावरून परत.
मोजत होते मी.
मोजता मोजता पाठ जरा ताठ झाली,
वाटलं, फादरना सांगायला हवं,
वाटलं, बावीस वर्षांत
असं कुणी राखलं नसेल स्वतःला या पट्ट्यावर.
हे जे वाटलं, ते कुठून आत आलं?
रविवारचा कोट घालून आलं असणार,
हातात मेणबत्ती घेऊन.
त्याला मी अडवलं नाही. दारच उघडून धरलं.

शेजारी लिगाया उभी. नवी पोर,
मनिलाहून मे महिन्यात आलेली.
तिचा डावा हातमोजा
मनगटापाशी गुलाबी झाला होता.
अंगठा कापला होता, तासभर झाला असेल,
आणि ती एका हातानं मासे उलटत होती,
पट्टा थांबवला तर पगार कापतील म्हणून.

तासभर.
माशांच्या रक्ताचा एक थेंब सुटला नव्हता माझ्याकडून.

हातमोजा काढला तर आतून वाटीभर सांडलं.
डोक्याचा रुमाल सोडून मी अंगठा घट्ट धरला,
वर, काळजाच्या वर धरायचा असतो.
मुकादम ओरडत होता.
पट्ट्यावरून मासे जात होते, कुणी न बघितलेले,
रेघा, पर, पित्त, सगळं घेऊन.
निळाही आला असेल तेव्हा.
गेला असेल.
मी तिच्या नखाकडे बघत होते,
पांढरं पडलेलं,
परत लाल होतंय का.