दुभाष्या

पणजीच्या सभागृहात पंतप्रधान रेवणकर बोलत होते
आणि मी काचेच्या खोक्यात बसून
त्यांच्या मागून अर्धं वाक्य अंतर ठेवून चालत होतो.
समोर चाळीस तरुण. कुणी नगरसेवक,
कुणी सुईणींच्या संघटनेची सचिव,
एकजण मलावीतला, रेडिओवर मक्याचे भाव सांगणारा.

"तुमच्या हाती उद्याचा खंड आहे," पंतप्रधान म्हणाले.
आमच्या घरी खंड म्हणजे
भाटकाराला वर्षाकाठी मोजून द्यायचे नारळ.
मी भूभाग म्हटलं आणि पुढं सरकलो.

मग आला तो शब्द, भागीदारी.
पार्सेरिया, मी म्हणालो. अकरा वेळा म्हणालो.
माझे वडील सावईवेऱ्याला भागेली होते.
पोफळी त्यांनी शिंपल्या,
सुपारी दुसऱ्याच्या अंगणात वाळली.
भाग त्यांच्या नावात होता, बागेत नव्हता.
हे कानातल्या यंत्रातून कुणाला सांगणार?
दुभाष्याला मत नसतं, घसा असतो.

दुपारी दिवाडी.
फेरीबोट आमच्यासाठी रिकामी केलेली,
रोजची मासळीवाली धक्क्यावर अडवलेली,
टोपली डोक्यावरच.
कठड्याला रेलून सेलेस्त न्हांतुंबो,
बैरा शहराची, वय सव्वीस,
मागं पडणाऱ्या जुन्या गोव्याकडे बघत होती.
"आमची माणसं इथंच उतरवली ना?"

प्रश्न पोर्तुगीजमध्ये, म्हणजे आधी माझा.
उतरवली.
क्रियापद तिनं निवडून घेतलं होतं.
मी ते तसंच पंतप्रधानांपुढं ठेवलं,
"आली" असं मऊ केलं नाही.
सदतीस वर्षांच्या नोकरीत
माझं एवढंच शौर्य.

त्यांनी हातातल्या भाषणाची घडी केली.
"हो," म्हणाले.
बोट पलीकडे टेकेपर्यंत दुसरं काही नाही.
त्या "हो"चं भाषांतर कुणाला नको होतं.
मी केलं. सवय.

बांधावर ओहोटी. चिखलाला खेकड्यांची भोकं.
पंतप्रधानांचा गुडघा दुखत होता, तरी चालले.
मानशीपाशी कायतान उभा, लुंगी खोचून,
सांगत होता कसं भरतीचं पाणी
स्वतःच दार लोटून स्वतःलाच बाहेर ठेवतं,
आणि ओहोटीला शेतातलं पाणी तेच दार उघडतं.
सेलेस्त उकिडवी बसली. लाकडावर तळहात ठेवला.
तिच्या गल्लीत समुद्र एका रात्रीत
छपरापर्यंत आला होता, हे तिनं सकाळी
ओळख करून देताना एका वाक्यात उरकलं होतं.

"फुटलं तर कोण धावतं?"
"ज्याचं शेत खाली, तो आधी," कायतान म्हणाला.
"पण वरचे आले नाहीत तर
पुढच्या वर्षी त्यांना तोंड दाखवायला जागा नाही."

पंतप्रधान सचिवाकडे वळले.
"हे करारात घाला. तुमच्या सातव्या कलमापेक्षा बरं आहे."
सचिव हसला. ते हसले नाहीत.
मग तिला म्हणाले, हळू, मला वेळ देत,
"मदत मागायला येऊ नका.
हिशेब मागायला या, दर वर्षी.
मी नसेन, माझ्या खुर्चीशी भांडा.
आणि तुमच्या गावी आमची माणसं बोलावा,
शिकायला. फक्त शिकवायला नव्हे."

शेवटचं वाक्य मी दोनदा म्हटलं.
दुसऱ्यांदा का, ते मलाही ठाऊक नाही.

सातवं कलम छापून आलं तेव्हा
जसंच्या तसं होतं.
खाली शाईनं, देवनागरीत, एक ओळ:
"बांधावरचं बोलणं पाहावे."
ती ओळ कुठल्या खात्यात मोडते,
यावर म्हणे अजून फाईल फिरते आहे.

परवा सेलेस्तचा निरोप आला.
फोटोत खाडीच्या तोंडाशी ओबडधोबड लाकडी दार,
शेजारी वीसेक माणसं, गुडघाभर चिखलात.
"खालच्या आडव्या फळीला तुमच्याकडे काय म्हणतात?
आमच्याकडे अजून शब्द नाही."

मला चार भाषा येतात.
तो शब्द एकीतही सापडला नाही.

म्हणून आज सकाळच्या फेरीबोटीनं
कायतानला विचारायला निघालोय.
बोट भरलेली आहे. मासळीवाली माझ्या शेजारी,
टोपली खाली ठेवून,
पाय पसरून बसली आहे.