हातमोजे

मकरपुऱ्याला तेव्हा क्वार्टर्स पुऱ्या झालेल्या नव्हत्या,
निम्म्या भिंतींना गिलावा नाही, नळ एकच,
आणि नळाशी चार भाषा.
फुकनबाई डिगबोईच्या, मासे धुताना
भिंतीकडे तोंड करून बसत, कुणाला विटाळ नको म्हणून.
शारदाबेनचं दर वाक्य "बळ्युं!"पासून सुरू.
गुरनामची आई नुसतीच हसायची,
ओठ घट्ट मिटून, जणू दात उसने आणलेत.
माझी आई दांडिया बाजारची,
तिच्या मराठीत गुजराती सांडायची
आणि कळशी भरेपर्यंत परत मराठी व्हायची.

जीप यायची पहाटे साडेचारला. हॉर्न नाही.
दिवे भिंतीवरून दोनदा सरकायचे,
तोवर बाबांनी बूट चढवलेले असायचे.
चौदा दिवस अंकलेश्वर, सात दिवस घर.
परत यायचे तेव्हा त्यांच्या अंगाला वास असायचा,
घामाचा नव्हे, मातीचाही नव्हे,
कुणीच कधी न उघडलेल्या डब्याचा.
त्या कपड्यांची बादली वेगळी, साबण वेगळा,
दोरीसुद्धा आईनं वेगळी बांधली होती, बाभळीपर्यंत.

एकदा औषधाच्या बाटलीत तेल आणलं, बुचाला मेण लावून.
अख्खी चाळ बघायला आली.
काळं कसलं, हिरवट होतं ते, उन्हात धरलं की.
आत्या म्हणाली, याचा दिवा लागेल का रे दत्ताजी?
बाबा म्हणाले, लागेल ना. घरही लागेल.
आईनं बाटलीला कुंकू लावलं,
पण देवात ठेवावी की नाही हे काही तिचं ठरेना,
म्हणून मिठाच्या बरणीशेजारी ठेवली.
ती तिथेच राहिली.

मंगळ बाजारात कापडवाला विचारी,
तेलवाल्यांकडचे ना? मग न्या हो, पैसे येतील मागाहून.
त्या उधारीवर आमच्याकडे रेडिओ आला,
शारदाबेनकडे शिलाई मशीन,
खानविलकरांच्या थोरल्याला तीन स्थळं एका आठवड्यात.
आणि आमच्या स्वयंपाकघरात शेंगदाण्याचं तेल
आई पळीनं मोजायची,
पळी उलटी करून थेंब गळेपर्यंत थांबायची.

गौरी जेवायच्या दिवशी जीप दुपारी आली.
दिवसाढवळ्या दिवे लावून.
फुकनबाई सगळ्यात आधी उठल्या.
त्यांना जीपची वेळ वाचता येत होती, डिगबोईपासून.

साखळीनं दोन बोटं नेली, उजव्या हाताची.
एक करंगळी.
दुसरी तिच्या शेजारची, अनामिका,
म्हणजे जिला नावच नाही ती.
पण ऑफिसच्या कागदावर दोघींचे भाव वेगवेगळे होते,
आणि बिननावाचीचा जास्त.
आईनं तो कागद तीनदा वाचला,
मग घडी घालून पीठ चाळायला बसली.

चार महिन्यांनी बाबा परत रुजू झाले.
कंपनीनं नवे हातमोजे दिले, कातड्याचे,
पाच-पाच बोटांचे, सगळ्यांना एकच माप.
रिकामी दोन बोटं कशात तरी अडकतील
म्हणून आईनं उजव्यातली ती कापली,
भोकं सुतळीच्या दाभणानं शिवून टाकली.
टाके बारीक, झबल्याला घालतात तसे.
कापलेली टोपणं मला दिली, खेळ म्हणाली.

मी ती बोटांवर चढवली.
एका टोपणाला शाईनं मिशा काढल्या, तो गुरनाम.
दुसरा रशियन साहेब, त्याला काही बोलता यायचं नाही,
नुसता वाकायचा.
दोघे खाटेच्या दांडीवरून चालत साइटवर जायचे,
जेवायचे, भांडायचे, उशीखाली झोपायचे.

एका रात्री मी बाबांचा टॉर्च घेतला,
भिंतीवर दोनदा सरकवला.
गुरनाम उठला. रशियन साहेब उठला.
शेजारच्या खोलीत आईही उठून बसली,
बाबा घरीच होते, घोरत होते तरी.

ती काही रागावली नाही.
टॉर्चमधले सेल काढून तिनं पदराला बांधले,
आणि म्हणाली, खेळ हो. अंधारात खेळ.