दोन्हीकडून लिहिलेली वही

लेम्युएल हॅस्केटची वही एकच होती.
पुढून उघडली तर उधारी:
कुणी किती व्हिस्की प्याली, कुणाचं खेचर किती रात्री बांधलं.
उलटी धरून मागून उघडली तर अटका:
कोण, कधी, कशापायी, किती दिवस तळघरात.
मधली कोरी पानं दर वर्षी कमी होत गेली.

मी तेव्हा नऊ वर्षांची.
खोक्यावर उभी राहून पेले विसळायचे,
दहा पेल्यांमागे एक सेंट.
गावाचं नाव प्लेंटी. म्हणजे मुबलक.
मुबलक होती ती धूळ,
आणि खाणीतून वर येणारी, तिच्याच रंगाची माणसं.
पाणी सहा मैलांवर, तेही खारट.
दारू मात्र महिन्यातून दोनदा, न चुकता.

रात्रभर जागा असणारा माणूस गावात एकच,
म्हणून मार्शलही तोच.
बिल्ला पीचच्या डब्याचा पत्रा कापून केलेला;
तो ॲप्रनला टोचायचा, आणि ॲप्रन धुवायला टाकला
की दिवसभर गावात कायदा नसायचा.

तळघरात पिंपं आणि कैदी शेजारी शेजारी.
साखळी पिंपांना.
"माणूस पळाला तर कुठे जाईल," म्हणायचा,
"चाळीस मैल नुसती निवडुंगं."

सहाव्या पेल्यानंतर तो हाताचा पंजा पेल्यावर ठेवायचा.
बोलायचा नाही. पंजा पुरायचा.

त्या शनिवारी पगार झाला होता.
गर्दी अशी की माझ्या खोक्यावरही कुणीतरी बसलेलं.
जेगो ट्रेव्हॉरो, कॉर्नवॉलचा, त्याचा खास दोस्त,
दोघं मिळून रविवारी मेंढीचं मटण शिजवायचे
आणि मिठावरून भांडायचे.
जेगोचा सातवा भरला गेला. मग आठवा.
मग पत्ते वाटणारा अँब्रोज व्हेल
खुर्चीसकट मागे पडला
आणि पत्ते बराच वेळ हवेत होते, निदान मला तसं आठवतं.

हॅस्केटनं ॲप्रन सोडला. चार घड्या घातल्या.
बिल्ला काढून शर्टाला लावला.
"चल, जेगो."
"माझा पेला राहिलाय."
"राहू दे. मी बघतो."

तो पेला तीन दिवस तिथंच होता.
मला हात लावू दिला नाही.

जिल्ह्याच्या कोर्टात सगळं विचारलं.
बंदूक कुणाची. भांडण कशाचं. शुद्धीत होता का.
पाजली कुणी, ते कुणीच विचारलं नाही.
परत येऊन त्यानं वही उलटी धरली
आणि ट्रेव्हॉरोच्या खाली, त्याच शाईनं, आणखी एक नाव लिहिलं:
हॅस्केट, एल. कशापायी: आठ पेले.
शिक्षेचा रकाना कोरा.
साऱ्या वहीत तेवढी एकच जागा कोरी आहे.

पुढून पाहिलं तर त्याच महिन्यापासून
एक नवं खातं दिसतं: मिसेस टी., कॅम्बोर्न, बारा डॉलर.
दर तिमाहीला. नऊ वर्षं.
येणे नाही. देणे.

नंतर चांदी संपली, रेल्वे दक्षिणेकडून गेली.
लोकांना वाटलं होतं हा गोळीनं जाईल.
दाढ सुजली, ताप चढला, पाचव्या दिवशी गेला.
बिल्ला कुणीतरी किटलीच्या भोकावर बसवला;
ती किटली मी पाहिली आहे, थोडी गळायची.

वही माझ्याकडे आली, कारण दुसऱ्या कुणाला नको होती.
मी आता एक्क्याऐंशीची. भिंग लागतं.
पुढून अकराव्या पानावर माझा बाप:
चार पेले, बाकी दोन डॉलर दहा सेंट.
मागून नवव्या पानावरही माझा बाप:
एक रात्र, बायकोवर हात टाकल्यापायी.

तारीख दोन्हीकडे एकच.
ती रात्र मला आठवते. आईनं दार आतून लावलं नव्हतं.